उत्तरेत नेलेली सुरई

मित्रांनो, पाणी गार करायचे तर मला घाम यावा लागतो. माझ्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे आहेत. पोटातले पाणी त्यांतून हळूहळू पाझरते, कोरडा वारा ते उडवून नेतो आणि आत उरलेले पाणी गार होते. मातीच्या सुरईची सगळी विद्या एवढीच. माझे पोट गोल आहे, डोक्यावर धरायला कडी आहे, एका बाजूला पाणी भरायचे तोंड आणि दुसऱ्या बाजूला बारीक तोटी. ही तोटी ओठांना लावायची नसते. सुरई उंच धरायची आणि धार थेट घशात सोडायची. आता मी फार म्हातारी झाले आहे आणि घाम येणे माझ्या नशिबातून कधीच गेले आहे. ते कसे गेले आणि त्यानंतर काय घडले, ते सांगते.

माझा जन्म स्पेनच्या दक्षिणेतला. ला रांब्ला गावातल्या एका कुंभाराने मला चाकावर घडवले, सावलीत वाळवले आणि भट्टीत भाजले. जत्रेत एसिखा गावच्या एका बाईने मला उचलले, माझ्यावर टिचकी मारून आवाज ऐकला आणि घरी नेले. तिला दोन मुले होती. मोठी लिब्रादा आणि धाकटा रोसेंदो.

एसिखाचा उन्हाळा म्हणजे तापलेला तवा. पण त्या लोकांना उन्हाशी कसे वागायचे ते ठाऊक होते. भिंती हातभर जाड आणि चुन्याने पांढऱ्या केलेल्या. सकाळ सरायच्या आत खिडक्या-झडपा बंद. दारावर गवताची चटई सोडायची आणि तिच्यावर पाणी मारायचे. दुपारी रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नसे. गव्हाच्या कापणीला रोसेंदो मला शेतावर नेई. माणसे रांगेने येत, मला उंच धरत, गारेगार धार घशात सोडत आणि "आहा!" म्हणत. तो "आहा" ऐकला की मला धन्य वाटायचे.

पण शेतावर काम थोडे आणि हात फार. रोसेंदोचे विसीशी लग्न झाले आणि दोघांनी उत्तरेला जायचे ठरवले. तिकडे बाराकाल्दोला पोलादाचे कारखाने होते. निघायच्या दिवशी स्टेशनवर लिब्रादाने मला कापडात गुंडाळून भावाच्या हातात दिले.

"तिकडे म्हणे उन्हाळ्यातही पांघरूण घेऊन झोपतात," ती म्हणाली.

"मग बरंच की! सुखाने झोपेन," रोसेंदो म्हणाला.

"झोपशील रे. पण ही सुरई तिकडे काय करणार?"

तिचा प्रश्न खोटा नव्हता. देश एकच, पण गाडीतून उतरलो तेव्हा दुसऱ्याच जगात आल्यासारखे वाटले. डोंगर हिरवे, आभाळ राखाडी, आणि पाऊस असा की पडतोय की नुसता तरंगतोय ते कळू नये. हवा सदा ओलसर. अशा हवेत माझा घाम वाळणार कसा? स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले तर माझ्या पोटातले पाणी जसेच्या तसे राही.

मग रोसेंदोने मला कारखान्यात नेले. भट्टीजवळ हवा कोरडी आणि आगीसारखी होती. तिथे मात्र मी पुन्हा कामाला आले. उत्तरेचे कामगार आधी हसले. तोटीतून प्यायला गेले आणि सगळ्यांच्या शर्टांवर पाणी सांडले.

"अरे, प्यायचंय की आंघोळ करायची आहे?" रोसेंदो ओरडे.

पुढे तेही शिकले. "दक्षिणेच्या बाईला इकडे द्या रे," असे म्हणत मला हातोहात फिरवू लागले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत मानाची वर्षे.

एक दिवस कारखाना बंद पडला. भट्टी विझली. रोसेंदो मला घेऊन घरी आला आणि त्यानंतर मी फारशी कुणाला लागले नाही. ओलसर हवेत माझ्या पोटावर काळी बुरशी धरू लागली. विसीला ते बघवेना. तिने मला घासून पुसून कोरडे केले आणि वॉर्निशचा डबा आणला. कुंचल्याने तिने मला वरपासून खालपर्यंत रंगवले, अगदी कडीच्या आतल्या बाजूनेही.

"बघा, कशी नव्यासारखी दिसतेय," ती म्हणाली.

रोसेंदोने पाहिले आणि मान डोलावली. तिचे मन मोडावे असे त्याला वाटले नसावे. मित्रांनो, तिने मायेनेच केले हो. पण त्या दिवशी माझी सगळी छिद्रे बुजली. मी काचेच्या कपाटात चकचकीत होऊन बसले. पाहुणे म्हणत, "किती सुंदर!" आणि माझ्याकडे पाठ करून थंड पेटीतली बाटली उघडत.

वर्षे गेली. विसी वारली. त्यांना मूलबाळ नव्हते. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात रोसेंदो एकटा राहिला आणि कपाटात मी. त्याच जिन्यावर, अगदी वर छपराखाली, मेर्चे नावाची बाई राहात असे. तीही एकटीच. जन्मापासून उत्तरेची. तिला ऊन म्हणजे सणासारखे. जरा ऊन पडले की ती सगळ्या खिडक्या सताड उघडत असे आणि तोंड वर करून उभी राही.

"मेर्चेबाई, खिडकी लावा, घर तापेल," रोसेंदो अंगणातून ओरडे.

"तुम्ही लावा तुमची! तुम्ही दक्षिणेचे लोक उन्हाला चोरासारखे घाबरता. आम्ही अकरा महिने त्याची वाट बघतो!"

"मग घ्या, भाजून घ्या स्वतःला."

हे भांडण दर उन्हाळ्यात व्हायचे आणि दोघांनाही ते आवडायचे.

मग तो ऑगस्ट आला. दक्षिणेचा वारा डोंगर ओलांडून खाली उतरला. कोरडा, गरम, डोके फिरवणारा. बाराकाल्दोत असा वारा एखादा दिवस येतो आणि जातो, पण या वेळी तो गेलाच नाही. रस्त्याचे डांबर मऊ झाले. हिरवे डोंगर पिवळे पडले. लोक पहिल्या दिवशी समुद्रावर गेले, दुसऱ्या दिवशी कुरकुरू लागले आणि तिसऱ्या दिवशी गप्प झाले.

रोसेंदोला मात्र हुरूप आला होता. त्याने कपाट उघडून मला बाहेर काढले, पाण्याने भरले आणि खिडकीत वाऱ्यावर ठेवले. "चल बाई, हा आपल्या गावचा वारा आहे. दाखव यांना."

तसा वारा मला कारखाना सुटल्यापासून मिळाला नव्हता. पण माझ्या अंगातून एक थेंब बाहेर येईना. दुपारी त्याने मला उंच धरून धार घेतली आणि थांबला.

"कोमट," तो म्हणाला. मग अंगठ्याने माझे चकचकीत पोट चोळत हसला. "तूसुद्धा इथलीच झालीस की गं."

तेवढ्यात फोन वाजला. एसिखाहून लिब्रादा होती. तिचा आवाज एवढा मोठा की मला सगळे ऐकू आले.

"बातम्यांत तुमचं गाव दाखवलं रे! चव्वेचाळीस म्हणे! बरा आहेस ना?"

"चव्वेचाळीसला काय होतंय मला? तुमच्याकडे किती?"

"सत्तेचाळीस. पण मी अंधार करून बसलेय, फरशीवर पाणी टाकलंय, टोमॅटोचं गार गास्पाचो सार प्यायलेय. तू झडपा लावल्यास का?"

"इथे कुठल्या झडपा? बाल्कनीला नुसती काच आहे. पश्चिमेची."

"मग आतल्या खोलीत बस."

"तिथला गुंडाळायचा पडदा वर अडकून बसलाय. पट्टा तुटला, विसी असतानाच. कधी लागलाच नाही."

"रोसेंदो, ऐक माझं. त्या घरातून बाहेर पड. दुकानात जा, चर्चमध्ये जा, कुठेही जा."

"अगं, मी एसिखाचा आहे!"

"होतास," लिब्रादा म्हणाली. "आख्खा जन्म पावसात काढलास. रक्तदाबाच्या गोळ्या खातोस. आता तू कुठला एसिखाचा?"

त्याने हसून फोन ठेवला. पण तिचे एक त्याने ऐकले. घराचा विचार केला. फक्त तो स्वतःच्या घराचा नव्हता. वरच्या छपराखालच्या घराचा होता.

त्याने आपल्या पलंगावरच्या दोन्ही चादरी ओढून काढल्या, नळाखाली धरून ओल्या केल्या आणि पिळून खांद्यावर टाकल्या. दुसऱ्या हातात मला घेतले. लिफ्ट नव्हती. जिना चढताना त्याचा श्वास माझ्या कानाशी शिट्टीसारखा वाजत होता.

मेर्चेबाईंनी दार उघडले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि बोलणे जड. सगळ्या खिडक्या उघड्याच होत्या.

"रोसेंदो... आज ऊन जरा जास्तच आहे, नाही?"

"बसा खाली. आणि आज माझ्याशी भांडायचं नाही."

त्याने खिडक्या लावल्या. दोन्ही चादरी त्यांच्यावर खिळ्यांना अडकवल्या. घरात एकदम सावली पडली. टॉवेल भिजवून त्याने बाईंच्या मानेवर ठेवला आणि मला पुढे केले.

"हे घ्या. तोंड लावूनच प्या, आज माफ आहे."

"कोमट आहे हो," बाई कुरकुरल्या.

"कोमट तर कोमट. पोटात जाऊ द्या."

छपराखालच्या नळाला करंगळीएवढीच धार होती, म्हणून तो खाली गेला, बादली भरून वर आला, चादरी पुन्हा भिजवल्या. परत गेला, परत आला. मी बाईंजवळच होते. प्रत्येक खेपेला तो दारात जरा जास्त वेळ टेकून उभा राही. शेवटच्या खेपेला त्याच्या कपाळावर घामच नव्हता. कोरडे, लाल कपाळ. मित्रांनो, घाम न येण्याचा अर्थ माझ्याइतका कुणाला कळणार? पण मला वाचा नाही.

"तुम्ही बसा ना थोडं," बाई म्हणाल्या. त्या आता सावरल्या होत्या.

"मला काय झालंय? मी एसिखाचा आहे. ही सुरई संपेपर्यंत उठायचं नाही हं." एवढे बोलून तो भिंतीला धरत खाली गेला.

सकाळी वारा फिरला. समुद्राकडून गारवा आला. मेर्चेबाईंनी चादरी काढून घड्या घातल्या, मला काखेत धरले आणि एकेक पायरी उतरत तिसऱ्या मजल्यावर आल्या. दार ठोठावले. पुन्हा ठोठावले.

"रोसेंदो, उठा की! तुमची बाई परत आणलीय."

दार शेवटी शेजाऱ्यांना तोडावे लागले. पलंगावर नुसती उघडी गादी होती. बाल्कनीच्या काचेवर काहीही नव्हते, तिथून आदल्या दिवशीचे ऊन सरळ आत शिरले असणार. आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर, नळापासून हातभर अंतरावर, रोसेंदो पडला होता.

डॉक्टर म्हणाले की उन्हाची सवय अंगात साठून राहात नाही. ती दरवर्षी नव्याने लागते आणि तुटली की तुटते. बाई ऐकत उभ्या होत्या. त्यांच्या काखेत मी होते, आणि दोन घड्या घातलेल्या चादरी.

लिब्रादा रात्रभर गाडीने प्रवास करून आली. काळा पोशाख, काळी ओढणी. अंत्यविधीनंतर ती मेर्चेबाईंच्या घरी बसली.

"त्या दिवशी आमच्याकडे जास्त तापलं होतं," लिब्रादा म्हणाली. "मी दुपारभर झोपले होते. चांगली गाढ झोपले होते हो."

"त्यांच्या चादरी माझ्या खिडकीवर होत्या," मेर्चेबाई म्हणाल्या आणि रडू लागल्या. "मी त्यांना विचारलंसुद्धा नाही, तुमच्या खिडकीला काय लावलंत म्हणून."

लिब्रादाने त्यांचा हात धरला, पण "तुमची काही चूक नाही" असे ती म्हणाली नाही. मग तिने मला उचलून घेतले. नखाने माझे पोट खरवडले.

"हिला वॉर्निश कुणी लावलं?"

"विसीने. छान दिसावी म्हणून."

"तुमच्याकडेच असू द्या," लिब्रादा म्हणाली आणि मला खाली ठेवले. आईने जत्रेत घेतलेल्या सुरईकडे तिने पुन्हा वळून पाहिले नाही.

तेव्हापासून मी छपराखालच्या घरात आहे. पुढच्या उन्हाळ्यात तो वारा पुन्हा आला. मेर्चेबाईंनी सकाळीच खिडक्या लावून घेतल्या. उन्हाची आयुष्यभर वाट पाहिलेली ती बाई अंधार करून बसली. मग मला काखेत मारून, काठी घेऊन उठली आणि जिना उतरत प्रत्येक दार बडवू लागली.

"पाणी प्यायलात का? खिडकी लावा! एकटं कोण आहे आत? आवाज द्या!"

दुसऱ्या मजल्यावर नवे जोडपे राहायला आले आहे. त्यांनी दार जरासे उघडले, बाईंचे बोलणे ऐकून घेतले आणि बंद केले. मागून हसण्याचा आवाज आला. त्यांच्या मागच्या खोलीत त्या मुलीचे म्हातारे वडील असतात. बाईंना ते माहीत आहे. त्या हलल्या नाहीत. पुन्हा काठी आपटली.

मित्रांनो, कुठे किती तापले याचे आकडे तुम्ही ऐकता आणि म्हणता, "त्यांना सवय असेल" किंवा "एवढ्याने काय होते." आकड्यावरून माणसाचे काही कळत नाही. त्याची खिडकी कुठल्या दिशेला आहे, तिच्यावर काय टांगले आहे आणि आत त्याच्यासोबत कोण आहे, ते जाऊन पाहा. आणि भर दुपारी कुणी तुमचे दार बडवले तर हसू नका. उठा, दार उघडा, आणि त्या माणसाला आधी आत घेऊन सावलीत बसवा.