पडद्यावरचा पाण्याचा डाग

मित्रांनो, मी इंदूरच्या एका टॉकीजचा जुना पडदा आहे. वर्षानुवर्षे लोक माझ्याकडे टक लावून बसले, पण मला स्वतःला कोणीच पाहिले नाही. त्याचा मला राग नाही. माझ्यावर काय चालले आहे ते मलाही दिसत नसे. आवाज ऐकू येत आणि दिसत ती समोर बसलेल्या माणसांची तोंडे, आणि तेवढे मला पुष्कळ होते.

माझा जन्म इथल्याच मिलमधला. जाड सुती कापडाचे सहा पट्टे शिंप्याने जोडले, वर पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले आणि मी भिंतीवर ऐटीत ताणून बसलो. मध्य प्रदेश नुकताच झाला होता. धार्मिक चित्रपट लागला की बायका चपला बाहेर काढून येत. देव प्रकटले की फुले उधळत. एकदा तर नारळ थेट माझ्या पोटात बसला! पुढच्या महिन्यात तोच नट दरोडेखोर होऊन आला की हीच मंडळी त्याला शिव्या घालत. मला मोठी गंमत वाटे.

मशीन चालवणारे दौलतराव ख्रिस्ती होते. दर सोमवारी ते मऊ ब्रशने माझी धूळ झटकत. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. झटकता झटकता ते मनातले सल बोलत. नटांना देव करणारे चित्रपट दाखवतात म्हणून त्यांच्या चर्चने त्यांना दोन वर्षे प्रभुभोजनापासून दूर ठेवले होते. येशूची आठवण करीत बाकी सगळे पुढे जाऊन भाकर आणि द्राक्षरस घेत, आणि दौलतराव मागच्या बाकावर एकटे बसून राहत.

शेवटी चर्चचे मन वळवायला त्यांनी एक बेत केला. येशूला क्रुसावर खिळल्याचा दिवस म्हणजे उत्तम शुक्रवार. त्या दुपारी येशूच्या जीवनावरचा चित्रपट दाखवायचा. चर्चचे पुढारी अप्पासाहेब पाहणी करायला आले.

"दौलतरावजी, पडद्यावर नट असतो, प्रभू नाही. कोणी हार-फूल केलं तर मी शो बंद करवीन. मग तुम्ही प्रभुभोजनाला परत यायचं भूलून जा."

"जी, अप्पासाहेब. मी दरवाज्यावरच सगळ्यांना सांगतो."

त्यांनी खरोखर एकेकाला सांगितले. राहिली ती फक्त सखुबाई. ती टॉकीजमध्ये लोकांना पाणी पाजायची. घरच्या माणसाला काय सांगायचे, असे त्यांना वाटले असावे.

चित्रपट सुरू झाला. अप्पासाहेब पहिल्या रांगेत ताठ बसले होते. क्रुसाचा प्रसंग आला. येशूला तहान लागली, तो पाणी मागू लागला. इतक्यात दाराजवळून सखुबाई लोटा घेऊन धावत आली.

"अरे भिया, कोणी पाणी तर द्या त्याला! कब से मागतो आहे बिचारा!"

आणि तिने लोटाभर पाणी माझ्यावर फेकले!

मशीनच्या खिडकीत दौलतरावांचा चेहरा पांढराफटक पडला. अप्पासाहेब ताडकन उठले, शो थांबवायला त्यांनी हात वर केला. आता सगळे संपले, असे मला वाटले. पण समोर सखुबाई हुंदके देत उभी होती. अप्पासाहेबांचा हात हळूहळू खाली आला.

"चाळीस वर्षं मी ही गोष्ट वाचून दाखवतो आहे, बाई," ते पुटपुटले, "पण एकदा पण पाणी न्यावं असं नाही सुचलं."

ते खाली बसले. चित्रपट चालू राहिला.

सोमवारी दौलतराव आले आणि धूळ झटकता झटकता सांगू लागले. आदल्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, अप्पासाहेबांनी स्वतः हात धरून त्यांना प्रभुभोजनाला पुढे नेले होते. पडद्यावर नट असतो, हे अप्पासाहेब नंतरही सांगत, फक्त जरा हळू आवाजात.

पुढे टॉकीजला नवा पडदा आला आणि चर्चने मला आपले म्हटले. आता नाताळात मुलांच्या नाटकामागे मी टांगला जातो. उरलेले वर्षभर घडीत पडून असतो. एक कोपरा उंदरांनी खाल्ला आहे.

मित्रांनो, मला ओलीत कोंबू नका, अधूनमधून ऊन दाखवा. मळलो तर खुशाल धुवा. फक्त मधोमध एक पिवळसर डाग आहे, तेवढा घासू नका. ते पाणी माझ्यासाठी आणलेले नव्हते, तरी ते मलाच मिळाले.