झुलालआबांचा बागायती रुमाल

अरे ऐका ना, चहा नंतर! शहाण्णवच्या मे महिन्यात मी धुळ्यात नर्स, डायलिसिसवर ड्युटीला होते. बाहेर चव्वेचाळीस डिग्री! पिंपळनेरहून झुलालआबा यायचे, आठवड्यातून दोनदा, एसटीनं, सोबत बायको धुरपदाबाई. आबांच्या मानेत नळी, रक्त मशीनकडे न्यायला. पुढे सुया टोचायला हातातली शीर ऑपरेशन करून ठेवलेली, पण ती तयार व्हायला दीड-दोन महिने. तोवर सगळा जीव त्या नळीवर.

आणि आबांना हुडहुडी! अशी की कॉट हलायची. आमचे डॉक्टर सर म्हणाले, मलेरिया. रक्त तपासलं, तर नाही. तरी गोळ्या दिल्या. ताप हटेना, आबा सुकत चालले.

मी काय केलं, वेळ लिहायला लागले. तर घरी ताप नाही, गाडीत नाही! मशीन सुरू झालं की अर्ध्या तासात हुडहुडी. तीनदा तस्संच! मी पळत सरांकडे, "सर, जंतू नळीत आहेत!" सरांनी लगेच रक्त तपासायला घेतलं. हातातलं एका बाटलीत, नळीतलं दुसऱ्या बाटलीत. नळीवाल्या बाटलीत जंतू आधी उगवले! टाकीच्या पाइपाला आतून शेवाळ धरतं ना, तसा थर. औषध वरून वाहून जातं, थर तिथेच.

नळी काढली, औषधं दिली, ताप उतरल्यावर दुसऱ्या बाजूला नवी बसवली. पण जंतू आले कुठून? पुढच्या खेपेला मी दारातच उभी. आबा आले, तर मानेभोवती बागायती रुमाल, शेतकरी उन्हात डोक्याला बांधतात तो मोठा सुती, ओला चिंब! धुरपदाबाई वाटेत साक्रीच्या स्टँडवर भिजवून गुंडाळायच्या. खाली नळीवरची पट्टी ओलीगच्च!

"आबा, हे काय?"

"माय, उन्हामा जीव जास मना!"

धुरपदाबाई रडायलाच लागल्या. आबा म्हणे, "रडू नको वं. तू माले गार ठेवं, म्हनीसन मी आठे उनू." तिनं गार ठेवलं म्हणून तर इथवर पोचलो, म्हणे!

मी पट्टी बदलली, बजावलं, ओला रुमाल फक्त डोक्यावर, मानेला थेंब नको. धुरपदाबाई मग गाडीत आबांच्या मानेवर पहारा द्यायच्या! एकदाही हुडहुडी नाही. आणि एक दिवस आबांच्या हाताला कान लावला, तर शिरेत भुंग्यासारखी घूं घूं, म्हणजे शीर तयार! सुया थेट हातात, चार तास, आबा घोरताहेत! सरांनी नळी काढली.

पंधरा दिवसांनी मानेची जखम पक्की भरलेली. धुरपदाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्यांनी रुमाल बादलीत बुचकळला आणि आबांच्या गळ्यात टाकला, हारासारखा!