इंताच्या बाजूचा पोचा

मित्रांनो, तवा म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर भाकरीचा सपाट तवा येईल. मी तसा नाही. माझ्या मधोमध टोपीसारखा घुमट आहे आणि त्याच्या भोवती खोलगट खंदक. शेगडीवर बसलो की घुमटावर मांस भाजते आणि खंदकातल्या रश्श्यात कोबी आणि शेवया शिजतात. भोवती बसलेले सगळेजण आपापल्या काड्यांनी उचलून खातात. माझ्यासमोर सहसा कोणी एकटे जेवायला बसत नाही, आणि म्हातारा झालो तरी मला त्याचा अभिमान वाटतो.

थायलंडमधल्या लाम्पांगजवळच्या एका लहानशा कारखान्यात वितळलेल्या ॲल्युमिनियममधून मी जन्मलो. बाजारात टांगलेला असताना इंता नावाच्या तरुण सुताराने मला बोटाने टणटण वाजवून पाहिले आणि घरी नेले. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. डिसेंबरची थंडी पडली तसा तो बायकोला, खाम्पेंगला, घेऊन डोंगरावर तंबू ठोकायला निघाला. मला हातात धरायचा मान खाम्पेंगने हट्टाने मागून घेतला. चढावर पाइनच्या वाळलेल्या पानांवरून तिचा पाय सरकला आणि मी दगडावर आपटलो.

घुमटाची एक बाजू चेपली. मांस धरून ठेवणारे तिथले उंचवटे पार सपाट झाले. खाम्पेंग रडायलाच लागली.

"अगं, तवा पडला, तू नाही ना पडलीस?" इंता म्हणाला.

"त्या बाजूचं सगळं मांस घसरून रश्श्यात जाणार आता!"

"मग त्या बाजूला मी बसतो. मला भाजलेल्यापेक्षा रश्श्यातलंच आवडतं."

मित्रांनो, हे धादांत खोटे होते. पुढे मी त्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला असे, त्यामुळे मला सगळे दिसे. सूपचा वाडगा पुढे आला की हा माणूस कडू औषध मिळाल्यासारखे तोंड करी. पण डोंगरावर मात्र अडतीस वर्षे तो तेच सांगत माझ्या पोच्यासमोरच बसला.

ते माझे सुखाचे दिवस. आधी मुलगी पिम आली, मग जावई नोप, मग नात फाई. घुमटाच्या डोक्यावर चरबीचा पहिला तुकडा ठेवायचे काम फाईचे. ती चरबी वितळून अंगावरून ओघळू लागली की मला बरे वाटे. नोपचा तंबू दरवर्षी वाकडा उभा राही. "जावईबापू, तंबू झोपलाय, तुम्ही कुठे झोपणार?" असे इंता विचारी आणि सगळे हसत. सकाळी सगळी मंडळी दरीतले धुके बघायला पळाली की इंता नळावर मला घासायला बसे. घुमटाला चिकटलेल्या करपलेल्या खरपुड्या नखाने काढून तोंडात टाकी आणि मला म्हणे, "कुणाला सांगू नकोस." मी कधीच सांगितले नाही.

मग एका पावसाळ्यात इंता वारला.

पुढचे दोन हिवाळे कोणी डोंगराचे नाव काढले नाही. नोपने विजेचा तवा आणला आणि मी परसात गेलो. माझ्या खंदकात कोंबड्यांसाठी पाणी भरू लागले. एक लठ्ठ कोंबडी घुमटावर चढून पाणी प्यायची. मी बोलत नसे, पण वाईट फार वाटे.

तिसऱ्या हिवाळ्यात अकरा वर्षांची फाई हट्टाला पेटली. खाम्पेंगला ती 'याय' म्हणते, म्हणजे आजी.

"याय, यंदा जायचंच!"

"तुम्ही जा गं. मला थंडी बाधते."

थंडीचे निमित्त होते. माझ्या पोच्यासमोरची मोकळी जागा तिला बघवणार नव्हती. फाईने तरी कोंबडीला हाकलून मला राखेने लख्ख घासले. नोप इंताची हातोडी घेऊन आला. "हा पोचा ठोकून सरळ करतो, म्हणजे सगळीकडून नीट भाजेल." त्याचे मन चांगले होते, पण त्याने हातोडी वर उचलली.

"खबरदार हात लावलास तर!" दारातून खाम्पेंग ओरडली. नोपने हातोडी खाली ठेवली. ती जवळ आली, माझ्या पोच्यावरून अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाली, "तवा असाच येणार असेल, तर मीही येते."

डोंगरावर ऊन कलताना शेगडी पेटली. तिघे मोठे तीन बाजूंना दाटीवाटीने बसले आणि पोच्याची बाजू रिकामी राहिली. फाईने चरबी ठेवली, मांस चुरचुरू लागले. खाम्पेंगने त्या जागेकडे पाहिले आणि काड्या खाली ठेवल्या.

"मला नको. भूक नाही."

तेवढ्यात फाई वाडगा घेऊन उठली आणि पोच्यासमोर जाऊन बसली. तिने ठेवलेला तुकडा घसरून रश्श्यात गेला. "मला रश्श्यातलंच आवडतं," ती म्हणाली.

खाम्पेंग तिच्याकडे बघतच राहिली आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "खोटारडी! अगदी आजोबांवर गेलीस. त्यांना रस्सा बघवायचासुद्धा नाही!"

"आई, तुला माहीत होतं?" पिमने विचारले.

"मला काय डोळे नव्हते? मग त्यांच्या वाडग्यात भाजलेले तुकडे कोण टाकत होतं?"

मी थक्क झालो. तिच्या काड्या वर्षानुवर्षे माझ्या घुमटावरून पलीकडे जात होत्या, आणि ते गुपित फक्त मलाच ठाऊक आहे असे मी समजत होतो! तिने काड्या उचलल्या, एक खरपूस तुकडा निवडून फाईच्या वाडग्यात टाकला आणि मग स्वतः पोटभर जेवली.

मित्रांनो, घरातल्या जुन्या भांड्याला पोचा असेल तर तो ठोकण्याआधी मोठ्यांना विचारा, कसा पडला म्हणून. आणि आम्हाला कोंबड्यांच्या हवाली करू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे धुके बघायला गेले तेव्हा मला घासायला फाई बसली. तिने इकडे तिकडे पाहिले, घुमटावरची एक खरपुडी नखाने काढून तोंडात टाकली आणि मला म्हणाली, "कुणाला सांगू नकोस हं."