कमळू मास्तर पाण्यात उतरले

किन्हवलीचे कमळू मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. देव मानत नसत. मुरबाडजवळच्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक सुदाम त्यांच्याकडे प्रार्थनाघराची पाटी रंगवून घ्यायला आले, तेव्हाच मास्तरांनी सांगून टाकलं, "अक्षरं झकास काढीन. पण मला प्रार्थनेला बोलवायचं नाय."

"नाय बोलवणार," सुदाम म्हणाले. दहा वर्षं त्यांनी तो शब्द पाळला. दर गुरुवारी मात्र ते मोटरसायकलवरून मास्तरांकडे यायचे. चहा व्हायचा, वाद व्हायचा.

"पाळकबुवा, जे दिसत नाय ते मी काढत नाय."

"मग भूक कशी काढता?"

"भुकेल्या माणसाचं तोंड काढतो!" मास्तर म्हणायचे, आणि दोघंही हसायचे.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सुदाम यांची बायको रखमी गेली. प्रार्थनाघर पुन्हा उघडलं त्या रविवारी मास्तर न बोलावता गेले आणि मागं सतरंजीवर बसले. हा माणूस आता काय बोलतो, ते त्यांना ऐकायचं होतं. सुदाम उभे राहिले. मग म्हणाले, "देवानं असं का केलं, मला ठाऊक नाय. मी रागावलोय त्याच्यावर. पण त्याला सोडणार नाय."

त्यानंतर मास्तर एकही रविवार चुकले नाहीत. सुदाम यांनी कारण विचारलं नाही.

दोन वर्षांनी मास्तरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं. सुदाम उशाशी बसले होते, तेव्हा मास्तर जड जिभेनं म्हणाले, "मला बाप्तिस्मा द्या."

"घाबरून मागताय का, मास्तर? आजारात माणूस कायबी कबूल करतो."

"बरं कर म्हणून मागत नाय. हात परत आला नाय तरी चालंल. पण पाण्यात मी चालत उतरणार. तोवर थांबा."

त्यांची मुलगी सारिका रडली. "बाबा, या वयात हे काय? लोक काय म्हनतील?"

"लोकांनी माझं एक तरी चित्र घेतलं का गो? मग त्यांना कशाला विचारायचं?"

पायात थोडा जोर येताच मास्तर काठी टेकत अंगणात चालू लागले. दोनदा पडले. एकदा कपाळ फुटलं. सारिका दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आपणच येऊन तिनं त्यांचा दंड धरला. अंगणातून रस्ता, रस्त्यावरून गावातला पार. आठ महिने गेले.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी सुदाम काळू नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि त्यांनी हात पुढं केला.

"थांबा. येतो मी."

मास्तरांनी काठी सारिकाकडे दिली. पाय फरफटत, दगड चाचपत एकेक पाऊल टाकलं. गुडघे बुडाले, मग मांड्या. सुदाम यांच्यासमोर आल्यावरच त्यांनी डावा हात दिला.

"आता धरा."

सुदाम यांनी त्यांना पाण्याखाली नेलं आणि वर काढलं. मास्तर थरथरत होते, ओठ निळे पडले होते. टॉवेल घेऊन सारिका चपलांसकट पाण्यात शिरली होती.

"झालं का मनासारखं?" तिनं विचारलं.

"झालं," मास्तर म्हणाले. "चल, काठापर्यंत मीच जातो."