आवाज कुणाचा

स्टुडिओच्या भिंतींना जाड गोधड्या ठोकलेल्या होत्या. पंखा लावला की त्याची घरघर टेपवर यायची, म्हणून तोही बंद. घामाने तिचा पदर ओला झाला होता, पण काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "मॅडम, जरा हसून घ्या. साबण विकायचाय, दुखवटा नाही." तिने कोमट पाण्याचा घोट घेतला, गाल सैल सोडले आणि तेच वाक्य अशा लाडिक सुरात म्हटलं की त्यालाही हसू फुटलं.

सगळा बाजार तिला 'आवाजवाली' म्हणूनच ओळखायचा. रेडिओवर साबण, चहा, शिलाई मशीन, जे काही विकलं जाई ते बहुतेक तिच्याच गळ्यातून. पण लोकांच्या तोंडी बसली होती ती एकच जाहिरात. भाजी घेताना कुणी बाई थांबून विचारायची, "अहो, त्या मुलग्याच्या पुडीच्या जाहिरातीत तुम्हीच बोलता ना?" मग स्वतःच ते वाक्य म्हणून दाखवायची, "पोटी येईल तो मुलगाच, ही आमची खात्री!" आवाजवाली हसून पुढे जायची. पोटापाण्याचा धंदा; त्यात खरंखोटं शोधत बसायची तिला कधी गरज वाटली नव्हती.

घरी ती मोठी सून. धाकटीला दोन मुली होत्या आणि आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते. सासूबाई रोज सकाळी कपभर दुधात त्याच पुडीतली करड्या रंगाची पूड ढवळायच्या आणि धाकटी संपवेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. आवाजवालीने एकदा विचारलं होतं, "आई, कशाला हे?" सासूबाईंनी उलट तिच्याकडेच कौतुकाने पाहिलं होतं. सुंठ-बडीशेप काहीतरी असेल, त्याने काय बिघडणार आहे, असं तिने मनाला समजावलं.

धाकटीला तिसरीही मुलगीच झाली. मूठभर जीव, रडण्यातही जोर नव्हता. दिवस मावळायच्या आत ती गेली.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. "या दिवसांत काय औषध दिलंत हिला?" सासूबाईंनी कनवटीची पुडी काढून पुढे केली. त्यांनी ती तपासणीला पाठवली. काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी कळवलं की पुडीत शिसं आहे, पोटातल्या बाळाच्या जिवावर उठणारं. मूल मुलगा की मुलगी हे गर्भ राहतानाच ठरून गेलेलं असतं. कुठल्याही पुडीने ते बदलत नाही.

सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. "पण रेडिओवर तर आपल्या मोठीचाच आवाज होता," त्या म्हणाल्या. "घरची पोर खोटं कशाला बोलेल?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. आवाजवालीला वाटलं, त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अशा तक्रारी आणखीही घरांतून गेल्या होत्या. सरकारने नियम काढला: अशा औषधांची विक्री बंद आणि जाहिरातही बंद. पुडीचा मालक तडक वरच्या कोर्टात गेला. संविधानाने प्रत्येकाला बोलायचं आणि धंदा करायचं स्वातंत्र्य दिलं आहे, सरकार ते हिरावून घेत आहे, असं त्याचं म्हणणं.

आणि एक दिवस मालकाचा वकील स्टुडिओत आला. मोठा गोड माणूस.

"बाई, तुम्ही कलावंत. या नियमाने तुमचा आवाज दाबला गेलाय. एवढ्या एका प्रतिज्ञापत्रावर सही करा. कोर्टाला कळू दे की एका स्त्रीच्या तोंडावर सरकारने हात ठेवलाय."

"माझ्या जावेचं मूल या पुडीने गेलं," ती म्हणाली.

वकिलाचा चेहरा जराही हलला नाही. "वाईट झालं. पण ते बाहेर बोलू नका. मालाची बदनामी करणार नाही, असं तुमच्या करारात लिहिलंय. आणि या स्टुडिओचं निम्मं काम आमच्याकडूनच येतं, हे तुमच्या या भाऊंना विचारा."

काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाल्याने मान खाली घातली.

"म्हणजे तुमचं वाक्य मी बोलले तर ते माझं स्वातंत्र्य," ती सावकाश म्हणाली, "आणि माझं दुःख बोलले तर ती बदनामी?"

"कायदा असाच असतो, बाई."

"मग कायदा काय असतो ते मी कोर्टालाच विचारते. उचला हा कागद."

घरी ठिणगी पडलीच. नवरा जेवता जेवता ताटावरून उठला. "कोर्टाची लफडी आपल्याला झेपणारी आहेत का? उद्या काम गेलं तर? आणि घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडणार तू? धाकटीला तोंड दाखवायला जागा राहील का?"

धाकटी दारात उभी होती. मूल गेल्यापासून ती कुणाशी धड बोलली नव्हती. नातेवाईक येऊन तिच्याच पोटात खोट आहे म्हणून सांगून जात आणि ती ऐकून घेई. आज ती पुढे आली.

"भावोजी, तोंड मी कशाला लपवू? मी काय केलंय?" तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "ताई, माझं नाव घेऊनच सांगा. माझ्या दोन्ही मुली इथं खेळतायत. त्यांना कळू दे की तिसरी नकोशी होती म्हणून तिला विष पाजलं गेलं."

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. नवरा पुन्हा ताटावर बसला. हात धुऊन आल्यावर तो एवढंच म्हणाला, "सुनावणी कधी आहे? मी रजा टाकतो."

आवाजवाली सरकारच्या वकिलाला जाऊन भेटली आणि त्याने तिचं म्हणणं कोर्टापुढे ठेवलं. सुनावणीला दालन भरलं होतं. मालकाचा वकील फर्डं बोलत होता. "आज सरकारला ही जाहिरात खुपते, उद्या एखादं वर्तमानपत्र खुपेल, परवा एखादं पुस्तक. काय ऐकावं आणि काय ऐकू नये, हे सरकारने का ठरवावं?"

न्यायाधीशबाईंनी मान वर केली. "जाहिरातीतला आवाज ज्यांचा, त्या बाई आल्या आहेत? त्यांना काही सांगायचंय?"

आवाजवाली उभी राहिली. आयुष्यभर दुसऱ्याने लिहिलेलं वाचलं; हातात कागद नसताना बोलायची ही पहिलीच वेळ.

"बाईसाहेब, वकीलसाहेबांचं एक खरं आहे. सरकारने कुणाचं तोंड दाबू नये. उद्या मी सरकारविरुद्ध बोलले तर मलाही बोलता आलं पाहिजे." दालनात कुजबुज झाली. "पण त्या जाहिरातीतला एक शब्द माझा नव्हता. मला तोंड उघडायला पैसे दिले आणि गप्प बसायला करार लिहून घेतला. यातलं माझं स्वातंत्र्य कुठलं? माझी जाऊ, हीच बघा, माझ्या शेजारी बसलीय. तिने विश्वास ठेवला तो आवाजावर. आवाज खोटा आहे हे तिला सांगणारं कुणी नव्हतं. ज्याला खरं कळूच दिलं नाही, तो निवड कसली करणार?"

धाकटी उठून तिच्या शेजारी उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी उठली.

निकाल लागायला वेळ लागला, पण लागला. कोर्टाने म्हटलं: धंद्याचं बोलणं हेही बोलणंच आहे आणि त्यालाही संरक्षण आहे, मात्र खोटं सांगून जिवाशी खेळण्याला ते संरक्षण नाही; पुडीवरची बंदी कायम. त्याच निकालात कोर्टाने सरकारचेही कान उपटले. बायकांच्या आरोग्याबद्दलचं कुठलंही लिखाण न विचारता बंद करायची सत्ता नियमातल्या एका कलमाने अधिकाऱ्याला दिली होती. ते कलम कोर्टाने रद्द केलं. आणि आपल्याला झालेली इजा सांगणाऱ्या बाईचं तोंड कुठल्याही करारानं बांधता येणार नाही, हेही स्पष्ट केलं.

मालक दुसऱ्या धंद्याला लागला. आवाजवालीला साबणवाल्यांनी बोलावणं थांबवलं, चहावाल्यांनीही. घरात ओढाताण सुरू झाली. ती कुरकुरली नाही.

एके दुपारी सासूबाईंच्या गुडघ्याचं तेल आणायला ती औषधाच्या दुकानात गेली. तिच्या आधी एक तरुण बाई उभी होती, पोट नुकतंच दिसू लागलेलं, बरोबर तिची आई. आईने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "ती पुडी मिळेल का?" दुकानदाराचा हात सवयीने गल्ल्याखाली गेला.

"कोर्टाने बंद केलीय ना ही?" आवाजवालीने विचारलं.

"हळू बोला हो, बाई." तो खजील हसला. "मी काय जाहिरात करतो का? मागणारे येतात म्हणून ठेवतो. मागणं बंद करा, मी ठेवायचं बंद करतो."

तो निर्लज्ज होता, पण चूक नव्हता. कोर्टाने रेडिओ गप्प केला होता. घराघरातल्या इच्छेला कुठलं कोर्ट गप्प करणार?

"मी हळू बोलणार नाही," ती म्हणाली. रस्त्यावरची दोन माणसं थांबली. तिने त्या तरुणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिच्या आईकडे पाहिलं. "काकू, पैसे देण्याआधी माझं ऐका. मग घ्यायची तर घ्या. मी अडवणार नाही, फक्त खरं सांगणार आहे."

तरुणीने आईचा पैसे पुढे करणारा हात धरला. "थांब आई," ती म्हणाली. "बोला, ताई."