सुयशच्या दुकानाची भवानी

"ताई, बाकी काय हवं ते बदला, पण बापूंचं सकाळचं बोट तेवढं थांबवू नका."

तेजलनं मस्कतहून फोनवर हे सांगितलं तेव्हा स्वरदा आभाला वरणभात भरवत होती. एक घास पोरीच्या तोंडात, एक फरशीवर. ती हसून म्हणाली, "अगं, त्या बोटापायी साइट बंद पडेल, मग काय करशील?"

तिचं कामच ते. पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटमध्ये, पोरीच्या झोळीशेजारी लॅपटॉप मांडून ती लोकांच्या वेबसाइटी ताळ्यावर आणायची. जाहिराती पुरवणाऱ्या कंपनीचे नियम कडक. काही चुकलं की आधी ताकीद येते, मग जाहिराती थांबतात. ताकीद आली की लोक स्वरदाला शोधत यायचे. तेजलही तशीच आली होती. तिचा भाऊ सुयश नामपूरच्या कांद्याचे भाव रोज साइटवर टाकायचा, स्वतःच्या आवाजात. मागच्या वर्षी मोटरसायकलच्या अपघातात तो गेला. भाव आता तेजल परदेशातून लिहायची, पण त्याचं शेवटचं रेकॉर्डिंग तिनं वर तसंच ठेवलं होतं. "राम राम मंडळी, सुयश बोलतोय..." जाहिरातीवर कुणी बोट लावलं की चार पैसे मिळायचे, त्यावर साइट जगत होती, आणि साइट होती म्हणून तो आवाज.

ताकीद साधी होती. घरचंच कुणीतरी रोज जाहिरातीवर बोट लावतंय, ते चालणार नाही.

स्वरदानं तेजलच्या वडिलांना, पुंजाराम बापूंना नामपूरला फोन लावला. मारुतीच्या पाराच्या मागं, निळ्या दाराच्या घरात ते एकटेच असतात, असं तेजलनं सांगितलं होतं.

"बापू, आवाज ऐका, भाव बघा. फक्त त्या जाहिरातीच्या चित्राला हात लावू नका."

"मना पोऱ्यानं दुकान शे ते, माय. सकाळनी भवानी मीच करस. पहिलं गिऱ्हाईक घरनं. दुकानात जाईसन रिकाम्या हाते कसं निंघानं?"

"पण कंपनी रागावते ना, बापू."

"कंपनीले पोऱ्या शे का?"

स्वरदाला हसू आलं. मग पलीकडून हळूच आवाज आला, "मंग त्याले कसं समजी, बाप वना म्हणीसन?"

बाप आला, हे पोराला कळवायचं ते बोट होतं; पण साइटही वाचवायची होती. तिनं बापूंच्या फोनवर जाहिरात दिसणारच नाही अशी सोय केली. ताकीद उठली. साइट वाचली.

साइटवर लोक कुठं बोट लावतात हे दाखवणारा एक नकाशा तिच्याकडे होता. जिथं बोट पडेल तिथं लाल ठिपका. दुसऱ्या सकाळी तिनं सहज बापूंच्या फोनचं पान पाहिलं. जाहिरातीची जागा आता पांढरी, कोरी होती. आणि बरोबर त्या कोऱ्या जागेवर लाल ठिपका. एकावर एक, पुन्हा पुन्हा. आतून कडी घातलेलं दार कुणी वाजवत बसावं तसा.

तेव्हापासून तिला सवयच जडली. उठल्यावर आधी आभाच्या छातीवर हात ठेवून श्वास बघायचा, मग लॅपटॉप उघडून ठिपका.

"पोरीवरचा पहारा कमी पडला म्हणून आता म्हाताऱ्यावर पण?" गौरांग, तिचा नवरा, चहा गाळता गाळता म्हणाला.

"आलाय का एवढंच बघते रे."

रोज यायचा. आज आला नाही.

बापूंच्या फोनवर पान मात्र उघडलेलं दिसत होतं. सुयशचा आवाज चालू होता. संपला की आपोआप पहिल्यापासून सुरू होत होता. राम राम मंडळी, मग भाव, मग पुन्हा राम राम. बोट कुठंच नाही. कोरी जागा कोरीच.

तिनं बापूंना फोन लावला. रिंग वाजत राहिली, तेवढ्यापुरता पानावरचा आवाज थांबला. कुणी उचललं नाही. रिंग सरली आणि सुयश पुन्हा बोलायला लागला. तेजलचा फोन बंद, ती ड्यूटीवर असणार. गौरांगनं चहा तसाच ठेवून गाडीची किल्ली उचलली, पण नामपूर काय चार पावलांवर आहे?

नामपूरचं तिला दुसरं कोण माहीत होतं? कुणीच नाही. आणि मग तिच्या लक्षात आलं, अख्खं नामपूर आत्ता भाव बघायला याच पानावर येतंय. आभाला कडेवर घेऊन, एका हातानं, तिनं सगळ्या भावांच्या वर लिहिलं:

"मंडळी, भाव खाली आहेत, आधी हे वाचा. सुयशचे वडील पुंजाराम बापू आज सकाळपासून फोन उचलत नाहीत. त्यांचं घर मारुतीच्या पाराच्या मागं, निळं दार. तुम्ही जवळ असाल तर ट्रॅक्टर थांबवा आणि जाऊन बघा. आतून सुयशचा आवाज येईल, त्यावरून घरात सगळं ठीक आहे असं समजू नका. हाक मारा. ओ आली नाही तर दार ढकलून आत जा."