ताईंचे हात थांबले की

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. 'जुना' हा शब्द मी स्वतःसाठी वापरला तर चालतो; इतरांनी वापरला की मला राग येतो. माझ्या जन्माची गोष्ट फारशी थोर नाही. पडदा एका कारखान्यातला, पोट दुसऱ्या कारखान्यातले आणि माउस कुठून आला कोणास ठाऊक. एका दुकानाच्या मागच्या खोलीत कोणीतरी शीळ घालत घालत आम्हा सगळ्यांना वायरींनी जोडले, बटण दाबले आणि मी जागा झालो.

तिथून मी थेट एका कार्यशाळेत आलो. तिथे कृत्रिम पाय तयार करतात. एका बाजूला प्लास्टरचे साचे ओळीने उभे असतात. दुसऱ्या बाजूला दोन लांब लोखंडी दांड्या आहेत आणि त्यांच्या टोकाला माणसाएवढा आरसा. नवा पाय बसवलेला माणूस त्या दांड्यांना धरून आरशातल्या स्वतःकडे चालत जातो. माझी जागा कोपऱ्यातल्या टेबलावर. प्लास्टर कानशीने घासले की पांढरी धूळ उडायची आणि बाकी सगळी खोली सोडून नेमकी माझ्यावर येऊन बसायची.

कार्यशाळा दोघा भावंडांची. धाकटे भाऊ पाय घडवायचे. त्यांना सगळे मालक म्हणत. थोरल्या ताई माझ्यासमोर बसून पत्रव्यवहार सांभाळायच्या. मालकांचे केस पांढरे झाले होते, कारागीर त्यांना वचकून असत, पण ताईंसाठी ते अजून 'बाळ्या'च होते. ताईंनी मला उरलेल्या अस्तराच्या कापडाचे झाकण शिवले होते. संध्याकाळी जाताना त्या मला ते घालत, एखाद्या मुलाला कानटोपी घालावी तसे. खरे सांगतो, मला ते फार आवडायचे.

आमच्याकडे येणारी पत्रे दोन जातींची. काही मापांची आणि पट्ट्यांची. काही मात्र अशी, की ज्यांचे उत्तर कुठल्याही पुस्तकात सापडायचे नाही. 'जिना उतरताना पोटात गोळा येतो, काय करू?' 'लोक बघतात, मी फिरायला जाऊ का?' अशा पत्राला ताई झटपट उत्तर देत नसत. दोन ओळी लिहायच्या आणि मग हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसायच्या. कधी दांड्यांपाशी जाऊन कोणाचे तरी चालणे बघून यायच्या आणि मग तिसरी ओळ लिहायच्या. मालकांचे सगळेच उलट. 'पत्र मिळाले. कळवतो.' की संपले पत्र.

एकदा एका माणसाचे जुने पत्र शोधता शोधता दोघांच्या नाकी नऊ आले. मग मालकांनी दुरुस्तीवाल्याला बोलावले. 'चुटकीसरशी करतो' हे त्याचे पालुपद, म्हणून सगळे त्याला चुटकीच म्हणत. त्याने माझ्या पोटात शोधक नावाचा एक प्रोग्रॅम बसवला. नाव टाइप केले, की हा पठ्ठ्या त्या माणसाची सगळी पत्रे क्षणात पुढे करायचा. ताई खूश, मालक खूश. माझेही कौतुक झाले. काम त्याचे, कौतुक माझे, मी तरी कशाला नाही म्हणू?

पण मित्रांनो, हा शोधक क्षणात शोधायचा तो आधीच सगळे वाचून ठेवलेले असायचे म्हणून. वाचायचा कधी? तर माझ्यावर कोणी काम करत नसेल तेव्हा. कीबोर्डवर बोटे चालू असली की तो गप्प बसायचा. बोटे थांबली, की त्याला वाटायचे, चला, आपली पाळी. आणि ईमेलच्या प्रोग्रॅमने आलेली आणि पाठवायची सगळी पत्रे एकाच भल्यामोठ्या फाइलमध्ये भरून ठेवलेली होती. शोधक ती उघडून वाचत बसला, की ईमेलच्या प्रोग्रॅमला तिच्यात काही लिहिता येईना. एकाने वही धरून ठेवल्यावर दुसरा लिहिणार कुठे? शोधकाने ती पटकन सोडायला हवी होती, पण फाइल अवजड आणि मी हळू.

आता तुमच्या लक्षात आले असेल. मालकांचे हात कधी थांबतच नसत, म्हणून त्यांची पत्रे सुरळीत जायची. ताई विचार करायला थांबत, म्हणून त्यांचीच अडायची. त्या 'पाठवा' दाबायच्या. पडद्यावर चक्र गरगर फिरत राहायचे. मग एक चौकट यायची: 'चूक झाली आहे. प्रोग्रॅम बंद होत आहे.' खाली एकच बटण: 'ठीक आहे'. लिहिलेल्यावर पाणी पडायचे.

कधी ताई ती चौकट बघायच्या आणि मुकाट्याने सगळे पुन्हा लिहायच्या. पण कित्येकदा चक्र फिरत असतानाच दारात कोणी यायचे आणि पत्र गेले असे समजून ताई उठायच्या. तेवढ्यात मालक एखादे माप बघायला घाईघाईने यायचे, प्लास्टरने माखलेल्या बोटाने 'ठीक आहे' दाबायचे, आणि चौकट नाहीशी व्हायची. ती त्यांनी एकदाही वाचली नाही.

चुटकी येऊन जायचा. त्याने वायर बदलली, ईमेलचा प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवला, ती फाइल दुरुस्त केली. फाइल दुरुस्त झाली, की शोधक ती नवी समजून पहिल्यापासून वाचायला घ्यायचा आणि त्रास दुप्पट व्हायचा. चुटकी दोन शब्दांचे पत्र खटाखट लिहून पाठवून बघायचा. ते बाणासारखे जायचे.

"काकू, चुकून काही भलतंच दाबताय का?" तो ताईंना विचारायचा.

लोकांचे फोन येत, आमच्या पत्राला उत्तर नाही. ताई म्हणत, मी लिहिले होते. मग पाठवलेल्या पत्रांत शोधत, तर तिथे काहीच नसे. एका बापाचे पत्र आले होते. त्याचा नवा पाय भिंतीला टेकवून ठेवला, की त्याची लहान मुलगी खोलीत पाऊल टाकत नसे. ताईंनी त्याला फार विचार करून उत्तर लिहिले. माझ्यासमोर लिहिले! काही दिवसांनी त्याने पुन्हा लिहिले, 'तुमचे उत्तर आले नाही. तुम्हाला कामे असतात, समजू शकतो.'

त्या दिवशी ताईंनी मालकांना हाक मारली.

"बाळ्या, माझं आईसारखं व्हायला लागलंय. तू इथे दुसरं कोणीतरी बसव."

त्यांच्या आईची स्मरणशक्ती शेवटी शेवटी पार गेली होती. ताईंनीच तिला भरवले, न्हाऊ घातले, आणि ती ताईंना 'बाई, तुम्ही कोण?' असे विचारायची.

"काहीतरीच काय!" मालक म्हणाले. पण ते ताईंकडे न बघता म्हणाले.

ताई आतल्या खोलीत अस्तरे कापायला बसू लागल्या. पत्रांना मालक उत्तरे देऊ लागले. त्या बापालाही गेले: 'पत्र मिळाले. कळवतो.' मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. सगळे माझ्या डोळ्यांदेखत घडले होते आणि मी मूग गिळून बसलो होतो.

पुढे मालकांनी नवा संगणक घ्यायचे ठरवले. माझ्यातली पत्रे काढून घ्यायला चुटकी आला. माझाही जीव टांगणीला लागला होता. तो दुकानाला एक पत्र लिहीत होता, तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला. गच्चीवरची पाण्याची टाकी गळत होती. आधी टाकी, मग टाकी बसवणारा, मग त्या माणसाचे एकूण वागणे, असे सविस्तर बोलणे चालले. चुटकी "हो आई, हो आई" म्हणत बसून राहिला. हात थांबले. शोधक वाचायला लागला, तसा माझा दिवा लुकलुकू लागला. फोन ठेवून त्याने 'पाठवा' दाबले. चक्र. चौकट.

"अरेच्चा!" चुटकी म्हणाला. मग त्याने आणखी एक पत्र लिहिले आणि मुद्दाम हाताची घडी घालून बसला.

"झोपलास काय?" मालकांनी विचारले.

"थांबा हो जरा. आयुष्यात पहिल्यांदा थांबतोय." त्याने 'पाठवा' दाबले. पुन्हा चौकट. "मालक, काकूंचं काहीच चुकत नव्हतं. हात थांबले की हा शोधक ती फाइल धरून बसतो. मीच बसवला याला, आणि माझ्याच डोक्यात आलं नाही."

शोधकाने काय काय वाचायचे याची एक यादी असते. त्यातून चुटकीने ती फाइल वगळली आणि मला एकदा बंद करून चालू केले. मग हाताची घडी घालून पुन्हा पाहिले. पत्र गेले. जुनी पत्रे आता ईमेलच्या प्रोग्रॅममध्येच शोधावी लागतील, वेळ लागेल, असे तो म्हणाला. मालकांचे तिकडे लक्ष नव्हते.

"ती चौकट," ते म्हणाले, "ती मी रोज बंद करत होतो."

ते आतल्या खोलीच्या दारात गेले. दार उघडेच होते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"ताई, तू लिहिली होतीस."

"काय?"

"सगळी उत्तरं. तू लिहिली होतीस. ती जात नव्हती, आणि मी न बघताच बंद करत होतो."

कात्रीचा आवाज थांबला.

"पुन्हा म्हण," ताई म्हणाल्या.

मालकांनी सगळे पुन्हा सांगितले. मग ताई रडल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी रडताना ऐकले नव्हते.

"बाळ्या, मला वाटायला लागलं होतं, एक दिवस तुझं नावही जाईल."



दुसऱ्या दिवशी ताई माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांनी त्या बापाला लिहिले, 'मुलीला पायाजवळ ओढून नेऊ नका. सकाळी पाय बसवताना तिच्याकडून फक्त पायमोजा मागा. कोणत्या रंगाचा, ते तिलाच ठरवू द्या.' मग हात मांडीवर ठेवून त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मालक जवळ आले, काही विचारायला त्यांनी तोंड उघडले, आणि तसेच मिटून उभे राहिले. ताईंनी शेवटची ओळ लिहिली. पत्र गेले.

मित्रांनो, मी अजून कामावर आहे, पण किती दिवस ते माहीत नाही. माझी धूळ पुसलीत तर बरे वाटेल. नाही पुसलीत तरी चालेल. पण तुमच्या घरात कोणी बोलता बोलता थांबले, तर त्यांचे वाक्य घाईने तुम्ही पुरे करू नका, आणि 'आजी विसरली!' म्हणून हसू नका. थांबलेला माणूस विसरलेलाच असतो असे नाही. आणि विसरला असेल, तरी त्याच्यासाठी थोडे थांबल्याने आपले काही बिघडत नाही.